संडास दाखवण्याचा कार्यक्रम

माझे सासरे कशालाच चांगलं म्हणत नसत. त्यात राग नव्हता, कुणाचं वाईट चिंतणं नव्हतं, ते त्यांचं तत्त्व होतं. सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. बरोबर आहे ते बरोबर असायलाच हवं, त्याचं कौतुक कसलं, चुकलं असेल तेवढं सांगावं, असं त्यांचं म्हणणं. आमटी झक्क जमली की ते म्हणत, "आज मीठ बरोबर आहे." एवढं बोलून वाटी पुढे करत.

मी अमरावतीची. आमच्याकडे पाहुणा फाटकाशी दिसला तरी 'या या, वा वा' सुरू होतं. माहेरी मी साधा चहा केला तरी वडील शेजाऱ्यांना हाक मारून सांगायचे की पोरीनं काय चहा केलाय म्हणता! असं माणूस लग्न होऊन पुण्यात आलं. पहिल्या सणाला मी जीव ओतून पुरणपोळ्या केल्या. सासऱ्यांनी तीन खाल्ल्या, हात धुतले, पंच्याला पुसले आणि म्हणाले, "वाईट नाही." मी आत जाऊन रडले. सासूबाई मागोमाग आल्या. म्हणाल्या, "अगं वेडे, 'वाईट नाही' म्हणजे पहिला नंबर. त्याच्या वर काही नसतंच. मला हे ऐकायला सात-आठ वर्षं लागली, तुला पहिल्याच पोळीला मिळालं." मग हळूच म्हणाल्या, "माझ्या पोळ्यांपेक्षा बऱ्या झाल्या होत्या का गं?"

तर या सासूबाई आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये संडासाच्या दाराशी, ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्या वेळी माझा नवरा कंपनीच्या कामावर अमेरिकेत होता. तेव्हा वारज्यातल्या दर तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी अमेरिकेत असायचं आणि त्याला 'ऑनसाइट' म्हणायची पद्धत होती. मी स्वतः हडपसरच्या एका कंपनीत होते. इतरांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधायच्या, हे माझं काम. सासऱ्यांना माझी नोकरी समजली तेव्हा लग्नानंतर प्रथमच त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, यापुढे उकिडवं बसायचं नाव काढायचं नाही आणि वॉकरशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमचा संडास जुन्या पद्धतीचा, खाली बसायचा, आणि त्याचं दार इतकं अरुंद की वॉकर आडवा लागायचा. त्यामुळे हॉस्पिटलमधून सासूबाई थेट पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला नणंदेकडे गेल्या. तिथे नवी इमारत, लिफ्ट, कमोड, सगळं होतं. गाडीत बसवताना सासरे त्यांना म्हणाले, "महिन्याभरात संडास करून घेतो. मग घरी." सासूबाई म्हणाल्या, "अहो, विश्वासू माणूस बघा हं." झालं. आता सगळं त्या एका संडासावर येऊन थांबलं होतं. तो झाला की सासूबाई घरी.

विश्वासू माणसाचा शोध सुरू झाला. नवऱ्याने फोनवरून सांगितलं की चार-पाच जणांना बोलवा, त्यांच्या मुलाखती घ्या, केलेली कामं प्रत्यक्ष जाऊन बघा, आणि 'गो-लाइव्ह' कधी ते आधी ठरवून घ्या. त्याच्या कंपनीत नवी गोष्ट सुरू झाली की गो-लाइव्ह म्हणत. संडासाचं गो-लाइव्ह म्हणजे नक्की काय, हे सासऱ्यांनी विचारलं, आणि मी विषय बदलला.

मुलाखती हॉलमध्ये झाल्या. पहिला कॉन्ट्रॅक्टर आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "काका, तुम्ही काही काळजीच करू नका." सासऱ्यांनी त्याला पाणी दिलं आणि पाठवून दिलं. "काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाचीच काळजी करावी लागते," ते म्हणाले. दुसरा ठरल्या वेळेला, अगदी घड्याळाच्या ठोक्याला आला. सासरे मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "वेळेवर आलाय. म्हणजे याच्या हाताला काम नाही." त्यालाही पाणी. तिसरा तरुण होता, त्याच्याकडे लॅपटॉप होता. त्याने आमचा भावी संडास पडद्यावर फिरवून फिरवून दाखवला. त्यात झाडाची कुंडी होती, मेणबत्त्या होत्या, आणि टॉवेल गुंडाळलेली एक गोरी बाई पाठमोरी उभी होती. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"काका, त्या नुसत्या चित्रात आहेत."

"मग काढा त्यांना. आमच्या घरी एकच संडास आहे."

त्याला ती बाई काढता येईना. सॉफ्टवेअरमध्ये ती संडासाबरोबरच येत होती. ही चूक मी मनात टिपून ठेवली, सवयीने.

चौथा आला तो दोन तास उशिरा. जवळच्याच गावातला, पन्नाशीचा, सफारी घातलेला. त्याच्या घराण्याची शेती आमच्या सोसायटीच्या जागेवर होती. "तुमचं पार्किंग हाय ना, तिथं आमची वांगी व्हती," असं म्हणून त्याने खिडकीतून खाली, जणू अजून दिसतात अशी नजर टाकली. मग खुर्चीत बसून तो जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"काका, खरं सांगू का? माझी मानसं येळेवर येत न्हाईत. मी फोन उचलत न्हाई. महिना म्हनलो तर दोन लागत्यात. पन काम अर्धं टाकून हा मानूस पळाला, असं कुनी म्हननार न्हाई."

सासऱ्यांचा चेहरा मुलीचं लग्न ठरल्यासारखा उजळला. साऱ्या नोकरीत एकाही कचेरीने आपल्या चुका आपण होऊन त्यांना सांगितल्या नव्हत्या. हा तर चहा यायच्या आत सगळं कबूल करून मोकळा. "हा विश्वासू माणूस आहे," तो गेल्यावर ते म्हणाले. "आपल्या तोंडाने आपल्याला नावं ठेवतो." मला आत कुठेतरी वाटलं की माणूस उशिरा येतो, फोन घेत नाही, दुप्पट वेळ लावतो, तर यात आनंदाचं काय आहे? पण मी नवी, परगावची. पुण्यात असंच असेल म्हणून गप्प बसले.

आणि तो खरोखर विश्वासू निघाला. सांगितलेलं एकूण एक खरं करून दाखवलं त्याने.

पहिल्या दिवशी मात्र त्याची माणसं सकाळीच आली आणि दुपारपर्यंत जुना संडास फोडून टाकला. भांडं उखडलं, दार काढलं, चौकट काढली, राडारोडा गोण्यांत भरून जिन्यात रचला. काय तो उत्साह! सोसायटीतल्या एका आजोबांनी नंतर मला समजावलं की ही या धंद्याची रीतच आहे. आधी फोडायचं. एकदा घरातला एकुलता एक संडास फोडला की मालक कुठे जात नाही. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

आमची गैरसोय वरच्या मजल्यावरच्या मुलांनी निभावली. आयटीतली चार मुलं तिथे भाड्याने राहत होती. त्यांनी आम्हाला एक किल्लीच देऊन टाकली. रोज सकाळी सासरे स्वतःचा साबण आणि पंचा घेऊन जिना चढत आणि ती मुलं रात्रपाळीहून येऊन लोळत पडलेली असत. ती म्हणत, "काका चालले ऑनसाइट." पुढे सासरेही तसंच म्हणू लागले. मला हाक मारून सांगत, "मी ऑनसाइट जाऊन येतो गं." ते मुलांच्या बाथरूमलाही नावं ठेवत, आणि मुलं बिचारी दर रविवारी ते घासून ठेवू लागली.

मधे काही दिवस माणसं आली. भिंतींना टाइल्स लागल्या. कॉन्ट्रॅक्टरने मधला पट्टा म्हणून निळ्या माशांच्या टाइल्स आणल्या होत्या, कुठल्याशा दुकानात पडून राहिलेल्या. कोपऱ्यातली एक टाइल फरशीवाल्याने उलटी बसवली, त्यामुळे बाकीचे मासे पोहत होते आणि एक पोट वर करून पडला होता. त्या दिवशी पाइप फुटून फरशीवाला नखशिखांत भिजला, तेव्हा मी त्याला सासऱ्यांचा एक जुना चौकड्यांचा शर्ट दिला. दुसऱ्या दिवसापासून फरशीवाला, शर्ट आणि कॉन्ट्रॅक्टर, तिन्ही दिसेनासे झाले.

कमोड आला होता, पण बसला नव्हता. खोक्यासकट हॉलमध्ये होता. सासरे त्या खोक्यावर बसून पेपर वाचत. मी त्याच्यावर टेबलक्लॉथ टाकला, मग त्याच्यावर चहाचा ट्रे ठेवायची सोय झाली. काही दिवसांनी त्याची इतकी सवय झाली की आम्ही त्याला 'टीपॉय' म्हणू लागलो.

कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला की घंटांसकट आरती वाजायची. तेव्हा ती नवीच फॅशन होती, समोरच्याने फोन उचलेपर्यंत आपण गाणं ऐकायचं. सासरे धार्मिक नव्हते, पण आरती सुरू झाल्यावर बसून राहणं त्यांना बरं वाटेना. ते फोन कानाला लावून उभे राहत, थेट आरती संपेपर्यंत. मग एक बाई इंग्रजीत आणि हिंदीत सांगायची की उत्तर मिळत नाही. दिवसातून तीनदा आमच्या घरी अशी उभ्याने आरती होत असे.

मांजरीहून सासूबाईंचा रोज सकाळी फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला. "झालं का?"

एकदा मात्र त्यांनी तो विचारलाच नाही. एकदम म्हणाल्या, "अगं, ह्यांचा चौकड्याचा शर्ट कुठाय?"

"का हो आई?"

"समोरच्या नव्या इमारतीवर चढलाय. पाचव्या मजल्यावर. आत कुणीतरी आहे, पण शर्ट आपलाच. कोपराला मी निळं ठिगळ लावलेलं आहे."

आमचा फरशीवाला मांजरीला, नणंदेच्या गॅलरीसमोर, दुसऱ्याच कामावर होता. माझ्या सासूबाई वॉकर धरून गॅलरीत गेल्या आणि ज्या माऊलीने आयुष्यात भाजीवाल्यालासुद्धा कधी मोठ्याने हाक मारली नव्हती, ती रस्त्यापलीकडे ओरडली, "अहो, ओ शर्ट! माझा संडास कधी करणार?" अख्खी मांजरी वर बघू लागली असं नणंद म्हणाली. फरशीवाल्याने पलीकडून हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "आजी, शेठ सांगंल तवा!" मग तो सावलीला सरकला. त्या दिवसापासून सासूबाई रोज दुपारी गॅलरीत बसून त्याच्यावर नजर ठेवत. शर्ट आज उशिरा आला, शर्ट जेवायला बसला, अशा बातम्या आम्हाला फोनवर मिळत.

मी हे सगळं ऑफिसात सांगून हसायची आणि लोकही हसायचे. पण हळूहळू हसू यायचं थांबलं. घरात सासूबाई नसल्या की काय होतं ते मला कळत होतं. त्या बडबड्या. सकाळी उठल्यापासून त्यांचं काही ना काही चालू असायचं आणि सासरे पेपरमागून 'हं' म्हणायचे. आता सासरे पेपर वाचताना मधेच 'हं' म्हणत आणि मग मान वर करून बघत. मला त्यांची फार आठवण यायची, आणि सासऱ्यांची काळजी वाटायची.

मग एक सकाळ अशी आली की सासूबाईंनी 'झालं का' विचारलं नाही आणि शर्टाचंही काही सांगितलं नाही. इकडचं तिकडचं बोलल्या. म्हणाल्या, "राहू दे गं आता, घाई नको. इथं बरी आहे मी." मग नणंदेने फोन घेतला. म्हणाली, "वहिनी, आईच्या सगळ्या साड्या आणून द्याल का? उगाच दोन-दोन आणण्यापेक्षा. मी तिच्यासाठी कपाट रिकामं केलंय." मी सासऱ्यांना सांगितलं. ते उठले, सासूबाईंचं कपाट उघडलं, साड्यांकडे पाहत उभे राहिले. मग कपाट लावलं, किल्ली खिशात टाकली आणि साबण-पंचा घेऊन वर गेले. "ऑनसाइट जातो" म्हणाले नाहीत.

ते वर असतानाच दाराची बेल वाजली. दारात कॉन्ट्रॅक्टर! मला आरती करावी की भांडावं तेच कळेना. पण तो एकटा नव्हता. बरोबर शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी होत्या. दोघंही इस्त्रीचे, मितभाषी.

"वहिनी, ह्यास्नी आपलं काम दाखवायला आनलंय," तो म्हणाला. मग मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन कुजबुजला, "ऐका. ह्यांच्या घरचं काम भेटलं तर माझी मानसं हितं शेजारी येतील. सकाळी त्यांच्याकडं, दुपारी तुमच्याकडं. न्हाईतर ती मांजरीवरनं हलत न्हाईत, मोठी स्कीम हाय तिकडं. चार शब्द चांगलं बोला फक्त."

अर्धवट संडास, दाराला चौकट नाही, कमोड हॉलमध्ये टेबलक्लॉथखाली, आणि हा मला त्याची तारीफ करायला सांगत होता! पण माझ्या डोळ्यांपुढे नणंदेचं रिकामं कपाट आलं. म्हटलं, चांगलं बोलायचंय ना? मग तर काय, मी अमरावतीची.

मी त्यांना बसवलं. हात आपोआप कांदा चिरू लागले. कुणी काही 'बघायला' आलं की पोहे करायचे, एवढं अंगवळणी पडलेलं असतं. टीपॉयवर पोह्यांच्या बशा मांडल्या आणि मी सुरू झाले. काय काम आहे म्हणता! काय टाइल्स, काय फिनिशिंग! माणूस तर सोन्यासारखा. घरच्यासारखा. अशी माणसं राहिली नाहीत हो आता. कॉन्ट्रॅक्टरसुद्धा माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला.

गृहस्थ संडासात डोकावले. "हा मासा उलटा आहे," ते म्हणाले.

"डिझाइनच आहे तसं!" मी म्हटलं. "पाठीवर पोहणारा मासा आहे तो. फार सुंदर दिसतो."

त्यांच्या पत्नीने बशी खाली ठेवली. "तुम्ही कुठल्या?"

"अमरावतीची."

"अस्सं," त्या म्हणाल्या. मग दोघंही उठले. पोहे तसेच राहिले. "विचार करून कळवतो," गृहस्थ म्हणाले आणि गेले.

कॉन्ट्रॅक्टरने कपाळाला हात लावला. "वहिनी, घोटाळा केला तुम्ही. पुन्यात इतकं ग्वाड बोलत्यात व्हय? त्यास्नी वाटलं तुम्ही माझी बहीण हाय." आणि तोही गेला. मी टीपॉयपाशी बसून त्या दोघांचे पोहे खाल्ले आणि मला रडू आलं. कंपनीत मी रोज चुका शोधत होते, आणि घरी एक संडास खपवता आला नाही मला.

सासरे खाली आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. कॉन्ट्रॅक्टरची अट, शेजारची मंडळी, मासा, सगळं. ते कितीतरी वेळ खोक्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गृहस्थ परत आले. एकटे, आणि हातात बॅटरी. मला म्हणाले, "राग मानू नका. काल आपण फारच छान बोललात, म्हणून म्हटलं घरातल्या मोठ्यांना एकदा विचारावं." सासरे पुढे झाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला वाटतं, तेव्हाच ओळखलं की दोघांचा एकच धर्म आहे.

दोघं संडासात शिरले. मी बोळात उभी. आत दोन म्हाताऱ्यांचे आवाज घुमू लागले.

"उतार?"

"जाळीकडे हवा. दाराकडे गेलाय."

"टाइलच्या मधल्या फटी?"

"कुठे नखाएवढी, कुठे बोटाएवढी."

"मासा?"

"मेलेला आहे."

"नळ?"

"वाकडा. शिवाय डाव्या-उजव्याची अदलाबदल आहे. गार ते गरम."

सासऱ्यांना इतक्या दिवसांत कुणाशी इतकं मन मोकळं करायला मिळालं नव्हतं. आवाजात ताकद आली होती. एकेक दोष निघत होता. हे गेलं हातचं, माझ्या मनात आलं. साड्या भरायला घ्याव्यात आता. शेवटी बॅटरी बंद झाल्याचा आवाज आला आणि ते गृहस्थ म्हणाले, "एकूण काय मत? देऊ का याला काम?"

मी चौकट नसलेल्या दारातून पाहिलं. सासरे भिंतीला हात लावून उभे होते. साऱ्या नोकरीत ज्याने एका चुकीच्या आकड्यापुढे सही केली नव्हती, तो माणूस त्या मेलेल्या माशाकडे बघत होता. त्यांचा दुसरा हात खिशात गेला. खिशात कपाटाची किल्ली होती.

"वाईट नाही," ते म्हणाले.

गृहस्थ चमकलेच. "वाईट नाही म्हणता?"

"नाही."

"मग प्रश्नच मिटला," ते गृहस्थ म्हणाले, आणि हॉलमध्ये येऊन स्वतःहून चहा मागितला.

त्या दिवशी सासरे जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "खोटा शेरा मारला मी आज." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण आमच्या घरात तसली पद्धत नव्हती, म्हणून मी ताट झाकून ठेवलं.

कॉन्ट्रॅक्टर शब्दाला जागला. आठवडा सरायच्या आत शेजारच्या सोसायटीतला संडास फोडला गेला आणि चौकड्यांचा शर्ट वारज्याला परत आला. मांजरीहून सासूबाईंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला की शर्ट दिसत नाही, पडला की काय. सकाळी तिकडे, दुपारी आमच्याकडे, असं काम चालू झालं. पण सासऱ्यांना चैन पडेना. आपल्या शब्दावर एका भल्या माणसाने संडास फोडून घेतला, याची त्यांना टोचणी लागली होती. ते रोज सकाळी शेजारी जाऊन खुर्ची टाकून बसू लागले. उतार तपासत, फटी तपासत, प्रत्येक माशाचं तोंड कुठे आहे ते बघत. तिथे खरं म्हणजे मासे नव्हते, फुलं होती, पण फुलांचेही देठ खाली आहेत ना हे ते बघत. त्या गृहस्थांना वाटलं, काय हा शेजारधर्म! त्यांच्या पत्नी मला जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचे सासरे रोज येऊन आमच्याकडे भांडतात. ह्यांना फार करमतं." फरशीवाला मात्र पार वैतागला. त्यांच्या कटकटीतून सुटायला तो दुपारी आमच्याकडे पळत यायचा, आणि त्या भरात आमचा संडास पुरा झाला.

दार रुंद झालं. भिंतीला धरायला दांडे लागले. टीपॉय आत गेला आणि हॉल एकदम भकास दिसू लागला. उलटा मासा काढायचा तर शेजारच्या चार टाइल्स फुटतील, असं फरशीवाला म्हणाला. सासरे म्हणाले, "राहू दे. तो पुरावा आहे."

सासूबाई घरी आल्या त्या दिवशी रविवार होता. नणंद त्यांना सोडून लगेच परतली. बातमी सोसायटीभर झाली होती. वरची चारही मुलं आली होती, शेजारचे गृहस्थ आणि पत्नी आल्या होत्या, कॉन्ट्रॅक्टरसुद्धा चक्क वेळेवर हजर होता. नवरा अमेरिकेतून फोनवर होता, मी फोन हातात धरून उभी. सगळे बोळात दाटीवाटीने, आणि मधून सासूबाई वॉकर टेकत टेकत चालल्या होत्या. दारात त्या थांबल्या. वॉकर दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून आत गेला. दार लागलं.

मग आतून पाण्याचा धबधबा ऐकू आला. "झालं का गो-लाइव्ह?" फोनमधून नवरा ओरडला. वरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "दाब वाईट नाही."

दार उघडलं. सासूबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "कोपऱ्यातला मासा मेलाय," त्या म्हणाल्या.

मंडळी पांगली. कॉन्ट्रॅक्टर जाताना पाया पडून गेला. मी चहा टाकला. सासूबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, आणि हॉलभर बघत राहिल्या. सासरे पेपर घेऊन समोर बसले होते. इतक्या दिवसांनी ते खुर्चीत बसले होते, खोक्यावर नाही.

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"हं."

"मी नव्हते, तेव्हा कसं चाललं होतं तुमचं?"

मी चहाचे कप घेऊन दारातच थांबले. सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. घडी घातली. खिशातून कपाटाची किल्ली काढून सासूबाईंच्या हातात दिली.

"वाईट," ते म्हणाले. "फार वाईट चाललं होतं."

सासूबाईंनी किल्ली मुठीत घट्ट धरली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण मान त्यांनी माझ्याकडे वळवली. म्हणाल्या, "ऐकलंस ना गं? साक्षीला तू आहेस हो. उद्या नाही म्हणतील."